पेशींचा वानवळा

आपल्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक मोठी काचेची बरणी आहे. तुम्ही दोघं भावंडं सुट्टीत यायचात तेव्हा तिच्यात चकल्या असायच्या आणि स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचायचा नाही. यंदा कार्तिकात मी तिच्यात शेजारणीकडून आलेला नवा तांदूळ भरला, कडुलिंबाचा वाळका पाला घातला, झाकण घट्ट लावलं आणि सवयीने इंग्रजीत चिठ्ठी चिकटवली. 'न्यू राइस', खाली महिना. माझ्या फळ्यांवर चिठ्ठीशिवाय काही नसतं, यावरून तुमचे आजोबा मला आयुष्यभर चिडवत आले. पण या चिठ्ठीला हसायला ते नाहीत हे एका परीने बरंच झालं.

आधी वानवळ्याचं सांगायला हवं, कारण तुमच्या तिकडच्या शेजारात तो नसणार. शेतात, परसात जे पहिलं येईल, काकडी असो, वालाच्या शेंगा असोत की नवा तांदूळ, ते आधी आजूबाजूच्या घरांत थोडं थोडं पाठवायचं. हा वानवळा. तो पोचवला की भांडं मागे यायची वाट पाहायची, आणि घेणाऱ्याने ते रिकामं परत करायचं नाही. निदान चमचाभर साखर तरी घालायची. भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी घरधन्याचं नाव कोरलेलं असतं. मुरबाडच्या भांड्यांच्या दुकानात डबा घेतला की तिथेच नाव घालून देतात. गावात कुणाच्या घरून काय आलं हे भांडं उलटं केलं की कळतं.

आषाढ संपता संपता एका रविवारी, पोरी, तू परदेशातून व्हिडिओ फोनवर मला तुझं काम समजावून सांगितलंस. तुझ्या हातात चहाचा मग होता, केस विंचरलेले नव्हते. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्याच कातडीची चिमुकली पिशवी करून बाहेर सोडते, असं तू म्हणालीस. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं की पेशी कचरा बाहेर टाकते आहे. मग कळलं की त्या पिशवीत जनुकांचे संदेश असतात, कधी जनुकांचे तुकडेच असतात. पिशवीच्या बाहेरच्या अंगावर अशा खुणा असतात की कुणी तिला आत घ्यायचं हे ठरतं. दुसरी पेशी ती पिशवी गिळते, आतला संदेश वाचते आणि त्याप्रमाणे वागायला लागते. तुमची प्रयोगशाळा या पिशव्यांत उपयोगी जनुक भरून आजारी पेशींकडे पाठवू पाहते आहे.

मी म्हणाले, "म्हणजे वानवळाच की. आणि भांड्यावर नावसुद्धा!"

तू इतकी हसलीस की चहा सांडला. "आजी, हे मी माझ्या सरांना सांगणार आहे," म्हणालीस. तुला वाटलं असेल आजीने सहज काहीतरी म्हटलं. मी मात्र दिवसभर त्या वाक्यावर खूश होते. शहापूरच्या शाळेत इतकी वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, पण अवघड गोष्ट मुलाच्या घरातल्या वस्तूने समजावली की त्याचा चेहरा उजळतो, तो आनंद काही वेगळाच. निवृत्तीनंतर तो मिळत नव्हता.

पुढच्या आठवड्यात देवळाच्या ओट्यावर बचत गटाची बैठक होती. मी गटाची जमाखर्चाची मदतनीस. काम उरकलं, चहा आला, आणि आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई म्हणाली, "बाई, तुमची नात तिकडं नक्की करते काय गो? इंजेक्शनं देते का?"

सगळ्या हसल्या. मग मी सांगितलं. फार छान सांगितलं, असं मला त्या वेळी वाटलं. पेशी म्हणजे घर, पिशवी म्हणजे वानवळ्याचा डबा, खुणा म्हणजे डब्यावरचं नाव, आणि आतलं जनुक म्हणजे बियाणं. शेजारचं बियाणं आपल्या शेतात पेरलं की आपल्याकडेही तेच उगवणार. बायका माना डोलावत होत्या. गावात सगळ्यांत मोठी म्हणून जिला सगळ्या म्हातारीच म्हणतात, तीसुद्धा तंबाखू मळायची थांबली होती.

एका तरुण सुनेने विचारलं, "मग त्या कॅन्सरची पेशी पन पाठवते का वानवळा?"

मला वर्गातला चांगला प्रश्न आल्यासारखं झालं. "अगदी बरोबर विचारलंस! तीही पाठवते. शेजारची पेशी तो घेते, आणि हळूहळू शेजारचं घरही तिच्यासारखं वागायला लागतं."

ओट्यावर एकदम शांतता झाली. ती मला दाद वाटली. कोण बसलं आहे ते मी पाहत होते, कोण बसलेलं नाही ते पाहिलं नाही. समोरच्या घरची, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची शेजारीण त्या दिवशी मुंबईला इस्पितळात गेली होती. तिच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि सलाईनमधून औषधं चालू होती.

त्या रात्री तू विचारलंस, "मग, काय म्हणाल्या तुझ्या मैत्रिणी माझ्या कामाला?" मी म्हणाले, "सगळ्यांना फार आवडलं."

शेजारीण कार्तिकापर्यंत बरीच सावरली. डोक्यावर काळे, आखूड, मऊ केस आले होते. पदर सरकला की ती स्वतःच म्हणायची, "बघा बाई, शाळेतल्या पोरावानी दिसतंय ना?" भात झोडून झाल्यावर, धसईच्या बाजारात पोती जायच्या आधी, तिने नेहमीप्रमाणे घरोघर डबे पाठवले. गेल्या वर्षी आजारपणात राहून गेलं होतं, म्हणून यंदा प्रत्येक डबा शीग लावून भरला होता. माझा डबा ती स्वतः घेऊन आली. मी तांदूळ ओतून घेतला, डब्यात साखर घातली, परत दिला. आणि तो तांदूळ त्या बरणीत गेला.

का गेला, ते नीट ऐका. मला नवा तांदूळ चालत नाही. तो चिकट होतो, गोळा होतो, आणि माझ्या साखरेच्या आजाराला जड पडतो. माझ्या आईने तो वर्षभर जुना करायला शिकवलं, मी तसं करते. दरवर्षी करते. त्यात दुसरं काही नव्हतं.

पण आपल्याकडे भांडी घासणारी रोज त्या फळीखाली उभी असायची. बरणी भरलेली होती, आणि भरलेलीच राहिली.

माझ्या कानावर आलं ते मार्गशीर्षात, तिच्याकडूनच. पातेलं घासता घासता ती म्हणाली, "बरं केलंत बाई, शिजवला नाय ते. आमच्या आळीत पन कोनी नाय शिजवला. कोंबड्यांना घातला."

"काय कोंबड्यांना घातला?"

"तिच्या घरचा तांदूळ. तुमीच सांगितला ना त्या दिवशी, पेशीचा. डब्यावर नाव बघितलं की काढून ठेवतात सगळ्या. डबा रिकामा जातो, साखर पन नाय घालत कोनी. घरातली साखर तिच्या डब्याला लागली तर..."

ती पुढे बोलत राहिली असणार. चमचाभर साखर नाही म्हणजे काय, हे तुम्हाला कळावं म्हणून मी आधी तो रिवाज सांगितला. त्या बाईकडे एकामागून एक आपलेच डबे रिकामे परत आले होते. दारात घेताना ती झाकण उघडून बघत असेल. आणि यातलं काही तिने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. सकाळी अंगणातून "बाई, चहा झाला का?" हेही सोडलं नव्हतं.

मी तुला फोन केला होता, आठवतं? तुझ्याकडे पहाट होती. मी विचारलं, "कॅन्सर झालेल्या बाईने निवडलेल्या तांदळातून त्या पिशव्या दुसऱ्याच्या अंगात जातात का?" तू झोपेतच म्हणालीस, "आजी, कॅन्सर असा पसरत नाही. बाईच्या शरीरातून तिने निवडलेल्या तांदळात काही जात नाही. हां, गाईच्या दुधात गाईच्या पेशींच्या पिशव्या असतात, आपल्या पोटात त्यांचं पुढे काय होतं ते लोक अजून शोधताहेत. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. का गं?" मी "सहज" म्हणाले. त्या सहजबद्दलही मला क्षमा कर.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं. दुधाचं गाळलं. पिशव्या एकाच शरीरात, रक्तातून फिरतात, कॅन्सर हा खोकल्यासारखा लागणारा आजार नाही, तांदूळ तर आधी सालीत होता, मग गिरणीत, मग पोत्यात. फळा असता तर आकृतीही काढली असती. त्या वेळीही शेजारीण नव्हती. तिने बैठकीला यायचंच सोडलं होतं.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग म्हातारी म्हणाली, "तुमी शिकल्या-सवरलेल्या, तुमी सांगता ते खरंच असंल. पन बाई, तुमच्या घरातली बरणी भरलेली हाय ना अजून?"

उत्तर माझ्यापाशी होतं. नवा भात मला चिकट लागतो, हे एवढंसं वाक्य. कॅन्सरवरच्या एवढ्या मोठ्या भाषणानंतर ते पळवाटेसारखं वाटलं असतं, म्हणून मी गिळलं. घरी येऊन बरणी काढायला हात वर केला, तर वाटलं, आता शिजवला तर भांडी घासणारी जाऊन सांगेल, बोलल्यावर शिजवला. हात खाली घेतला. इतका विचार मी करत बसले, आणि समोरच्या घरात डबे पालथे पडले होते.

पौष लागला. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला गटातल्या बायका दरवर्षी टेम्पो करून जातात. बैलबाजार लांबून बघायचा, घोंगड्यांचे भाव उगाच विचारायचे, आणि दुपारी झाडाखाली सगळ्यांचे डबे एकत्र सोडून जेवायचं. जत्रेच्या आदल्या दिवशी शेजारीण मागच्या दाराने आली. मागच्या दाराने ती कधी येत नसे.

"बाई, तुमचा मोठा डबा द्या. नावाचा."

"कशाला गं?"

"वालाचं बिरडं नि भाकऱ्या करते उद्याला. तुमच्या डब्यातनं नेऊ. तुमच्या नावाला कोन नाय म्हनतंय?"

मी तिच्याकडे बघू शकले नाही. म्हणाले, "तुला सगळं माहीत आहे."

"गावात राहतंय ना मी, का तुमच्या नातीच्या गावात?" ती हसली, मग पदर नीट केला. "तुमी काय मुद्दाम नाय केलंत. पन बाई, इस्पितळात सुया टोचल्या तवा रडली नाय मी. रिकामा डबा आला तवा रडली. एकदा माझ्या हातचं खाताना बघू दे त्यांना. नाव तुमचं लागलं तरी चालंल. सांगू नका फक्त."

मी मोठा डबा काढून दिला. तेव्हा तुझी प्रयोगशाळा आठवली. ज्या पिशवीला पेशी ओळखते तिच्यात तुम्ही दुसरीकडचं काही भरून पाठवता आणि पेशी बिनतक्रार घेते. तू ते सांगितलंस तेव्हा मला फार हुशारीचं वाटलं होतं. त्या दाराशी उभं राहून मला त्यातलं दुसरं काही दिसलं. चांगली वस्तू स्वतःच्या नावाने जाऊ शकत नाही, म्हणून दुसऱ्याचं नाव. आणि तिचं नाव कुणी पुसलं होतं?

दुसऱ्या दिवशी ती टेम्पोत माझ्या शेजारी बसली, डबा माझ्या मांडीवर. बाकीच्या जणी तिच्याशी बोलत होत्या, "तब्येत काय म्हनते?" वगैरे, पण मधे हातभर जागा सोडून. म्हशाला गर्दी, धूळ, बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा आवाज. म्हातारीने एका घोंगडीवाल्याशी इतकी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "आजी, तुमीच बसा दुकानावर, मी घरी जातो." मग एका आंब्याखाली सगळ्या बसल्या. डबे उघडले. माझा डबा मधोमध ठेवला गेला. त्या दुपारी मी जेवढी घाबरले तेवढी परीक्षेच्या वर्गातसुद्धा कधी घाबरले नव्हते.

"बाई, आज तुमच्या हाताला चव आली गो!" भांडी घासणारी म्हणाली. "नायतर तुमचं बिरडं म्हंजी पानी नि वाल, सासू-सून वेगळ्या राहिल्यावानी."

हशा झाला. सगळ्यांनी घेतलं, पुन्हा घेतलं. म्हातारीने भाकरीने ताट पुसून काढलं. मी "हो, हो" म्हणत होते. शेजारीण माझ्या समोर, जरा मागे बसली होती. तिने स्वतः काही खाल्लं नाही. ती एकेकीच्या हाताकडे बघत होती, ताटातून तोंडाकडे, तोंडाकडून ताटाकडे. तसं बघताना मी फक्त आईला पाहिलं आहे, आजारातून उठलेलं मूल जेवत असताना.

जेवणं झाल्यावर भांडी घासणारी सवयीने डबा उचलून हातपंपावर गेली. मोठ्या डब्याच्या आत बिरड्यासाठी दुसरा, लहान डबा बसवला होता. तो मी दिलेला नव्हता. तिने तो विसळला, पालथा केला, आणि तिथूनच ओरडली, "अगो, ह्याच्यावर तर हिच्या मालकाचं नाव हाय!"

शेजारणीने तो चुकून ठेवला की मुद्दाम, ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

ज्या सुनेने मला तो चांगला प्रश्न विचारला होता ती उठली, पंपापाशी गेली आणि चूळ भरली. मग पुन्हा भरली. शेजारीण खाली बघत पदराची दशी ओढत होती. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. शास्त्र नाही, पेशी नाही, काही नाही. मी म्हणाले, "बिरडं हिने केलं आहे. आणि बरणीतला तांदूळ मी भिऊन ठेवलेला नाही. मला नवा भात चिकट लागतो, म्हणून मी दरवर्षी जुना करून खाते. चूक माझी आहे, मी बोलले तेही आणि बोलले नाही तेही."

म्हातारीने बोट चाटलं. "मंग हे आदी सांगायचं की! ते पेशीबिशी काय सांगत बसलात?" मग शेजारणीकडे वळून, "मीठ बेताचं पडलंय तवाच वळखाया पायजे व्हतं. बाईंचं असतं तर आळनी असतं. हाय का गो अजून?"

"नाय, संपलं," शेजारीण म्हणाली.

"मंग पुढल्या येळेला जास्त कर."

असं झालं. पण सगळं नीट झालं असं समजू नका. टेम्पोत परत येताना मधली जागा काही जणींनी भरली, काहींनी नाही. ती सून अजून समोरच्या घरचं पाणीही घेत नाही. तिच्या पोटात बाळ आहे आणि तिची भीती माझ्याच वाक्यावर उभी आहे. मी दोनदा समजावायला गेले. तिने मला चहा दिला, आदराने ऐकलं, आणि मी निघताना म्हणाली, "बाई, पयल्यांदा तुमीच म्हनाला होतात, अगदी बरोबर विचारलंस." पहिलं सांगितलेलं तिने घेतलं, आत गेलं, रुजलं. दुसरं बाहेरच राहिलं.

जत्रेहून आल्यावर मी बरणी खाली काढली. चिठ्ठी ओल्या फडक्याने पुसून काढली आणि भांडी घासणारीच्या देखत भात लावला. व्हायचा तसाच झाला, चिकट, गोळा. तूप घालून दोघींनी खाल्ला. "खरंच चिकट हाय हो," ती म्हणाली, आणि मला वाटतं ते तिने आळीत सांगितलं, कारण दोन दिवसांनी म्हातारीच्या घरून समोर वालाच्या शेंगांचा वानवळा गेला. मी खिडकीतून पाहिलं. शेजारणीने डबा दारातच उघडला होता.

तिचा तो लहान डबा जत्रेपासून माझ्याकडे आहे, माझ्या मोठ्या डब्याच्या आत, फळीवर. ती न्यायला येत नाही, आणि मी पोचवत नाही. रिकामा द्यायचा नाही हे ठरलेलं आहे. रोज सकाळी मी तो खाली घेते, साखरेच्या डब्याकडे बघते, आणि पुन्हा वर ठेवते. चमचाभर साखर यात पुरणार नाही, आणि दुसरं काय घालावं ते मला अजून सुचलेलं नाही.